गव्हाचं घरचं बियाणं साठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षातून दोनदा येतात. मार्च-एप्रिलमध्ये मळणी उरकली की "कशात ठेवू?" आणि ऑक्टोबरमध्ये पोतं उघडलं की "आता याचं काय करू?" ऑक्टोबरच्या अडचणींची मुळं बहुतेक वेळा एप्रिलमध्येच सापडतात, त्यामुळे पहिले सात प्रश्न सगळ्यांनीच वाचावेत. पुढचे आपापल्या गरजेनुसार. उत्तरं महाराष्ट्राच्या हवामानाला धरून आहेत.

१. गव्हाचं बियाणं किती दिवस चांगलं राहतं?

आपल्याकडे गहू साधारण मार्चमध्ये निघतो आणि नोव्हेंबरात पेरला जातो. म्हणजे एक उन्हाळा आणि एक पावसाळा, सात-आठ महिने. नीट वाळवलेलं, न किडलेलं बियाणं एवढा काळ आरामात काढतं. एक हंगाम मागे ठेवून दुसऱ्या वर्षी पेरायचं असेल तर मध्ये दोन पावसाळे येतात, आणि उघड्या पोत्यातल्या बियाण्याची खरी परीक्षा तिथे होते. कोरडं करून हवाबंद ठेवलं तर दोन-तीन वर्षंही काही बिघडत नाही. थोडक्यात, टिकण्याचा काळ बियाण्यापेक्षा तुम्ही ठेवता कसं यावर जास्त अवलंबून आहे.

२. गहू टपोरा आहे, चकाकतो आहे, पोळ्या उत्तम होतात. मग उगवत का नाही?

पोळीला दाण्यातलं पीठ लागतं, उगवणीला दाण्याच्या टोकाशी असलेला इवलासा अंकुर जिवंत लागतो. दाण्याच्या वजनात त्याचा वाटा दोन-तीन टक्केच. तो मेला तरी दाणा दिसायला तसाच राहतो, दळायलाही तसाच.

साठवणीत अंकुर हळूहळू म्हातारा होतो. त्यातली स्निग्ध द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतात, पेशींची आवरणं गळकी होतात, विकरं (एन्झाइम) सुस्तावतात. ओलावा आणि उष्णता एकत्र आली की हे सगळं भराभर होतं. खायच्या गव्हाला हा हिशेब लागू नाही. तिथे कीड आणि बुरशी सांभाळली की पुरे. म्हणून बियाण्याचा गहू मळणीलाच वेगळा काढावा. घरात खाऊन उरलेल्या कोठीतून नोव्हेंबरात बियाणं काढण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, ती सोडलेली बरी.

३. ओलावा किती असावा? आमच्याकडे मीटर नाही.

बीज प्रमाणीकरणाच्या मानकांनुसार साध्या पोत्यातल्या गव्हाच्या बियाण्यात जास्तीत जास्त १२ टक्के, आणि बाष्परोधक पॅकिंगमध्ये ८ टक्के ओलावा चालतो. घरच्या साठवणीसाठी १० टक्क्यांच्या आसपास आणता आला तर उत्तम.

या एकेका टक्क्याला महत्त्व का, तर बीजशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा आहे: ओलावा १ टक्क्याने घटवला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. तापमानाच्या बाबतीत तेवढाच फायदा मिळवायला ५ अंश सेल्सिअसची घट लागते. ओलाव्याचा हा नियम ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान लागू होतो. १२ टक्क्यांवरून १० वर आलात तर आयुष्य चौपट, आणि त्यासाठी खर्च काय, तर दोन-तीन दिवसांचं ऊन.

मीटर नसेल तर दाताखाली दाणा फोडून बघा. कडक वाळलेला गहू "कट्" असा आवाज करून तुटतो. ओलसर दाणा चेपतो. दुसरा उपाय मिठाचा: तव्यावर गरम करून कोरडं केलेलं, मग निववलेलं मीठ आणि गहू कोरड्या काचेच्या बाटलीत घालून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. पण मीठ न चिकटणं म्हणजे बियाणं साठवणीला तयार असं मुळीच नाही, कारण १२ आणि १४ टक्क्यांतला फरक मिठाला कळत नाही. त्यासाठी बाजार समितीतल्या किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याकडच्या मीटरवर मूठभर दाणे मोजून आणावेत.

४. एप्रिलमध्ये कडक वाळवून ठेवलेलं बियाणं ऑगस्टमध्ये मऊ कसं लागतं? पाणी तर कुठूनच शिरलं नाही.

पाणी हवेतून शिरलं. गव्हाचा दाणा भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतो. हवा कोरडी असेल तर ओलावा सोडतो, दमट असेल तर ओढून घेतो, आणि काही आठवड्यांत तिच्याशी जुळवून थांबतो. २५ अंशांच्या आसपास हवेची आर्द्रता ६० टक्के असेल तर गहू साधारण १२ ते १२.५ टक्क्यांवर स्थिरावतो, ७० टक्क्यांना १४ च्या आसपास, ८० टक्क्यांना १६ पर्यंत. पावसाळ्यात कोकणात, घाटमाथ्यावर, पुणे-नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० च्या वर असते. मग एप्रिलमध्ये कितीही वाळवलेलं असो, उघड्या पोत्यातला गहू १४-१५ टक्क्यांकडे सरकणारच. हवेची आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर गेली की साठवणीतल्या बुरशाही जाग्या होतात.

पोतं ओलं होतंय का हे न उघडता कळण्याचा सोपा मार्ग वजन. एप्रिलमध्ये १० टक्के ओलाव्याचं ५० किलो बियाणं भरलं असेल तर त्यात कोरडा भाग ४५ किलो. पोत्याचं वजन वजा करून ऑगस्टमध्ये ते ५१.१ किलो भरलं, तर ओलावा १२ टक्के झाला. ५२.३ किलो भरलं तर १४ टक्के. पोत्यावर खडूने तारीख आणि वजन लिहून ठेवावं. काटा शंभर ग्रॅमपर्यंत अचूक हवा, एवढीच अट.

ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस उघडीप मिळाली आणि ऊन कडक पडलं तर बियाणं पुन्हा वाळवायला हरकत नाही. ढगाळ दिवशी मात्र पसरून ठेवू नये. वाळणं दूरच, उलट ते ओलावा घेतं.

५. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर जातो. पत्र्याच्या खोलीतलं बियाणं मरेल का?

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून हा प्रश्न हमखास येतो. बियाणं कोरडं असेल तर मे महिन्याची एवढी भीती नको. त्या दिवसांत दुपारची हवा इतकी शुष्क असते की दाण्याचा ओलावा ८-९ टक्क्यांपर्यंत आपोआप उतरतो, आणि कोरडा दाणा उष्णता बऱ्यापैकी सोसतो. घात होतो तो १४ टक्के ओलाव्याचं बियाणं त्याच खोलीत असेल तेव्हा. मार्चच्या शेवटी अवकाळीत सापडलेला गहू घाईने पोत्यात भरून पत्र्याखाली टाकला की महिनाभरात उगवण ढासळते.

आमचं मत विचाराल तर मे महिना हा शेतकऱ्याला मिळालेला फुकटचा ड्रायर आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात. मेच्या मध्याला बियाणं पुन्हा एकदा उन्हात काढा, रात्री निवू द्या आणि मगच हवाबंद करा. पत्र्याच्या खोलीत पर्याय नसेल तर पोती निदान छतापासून लांब आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावीत.

६. बियाणं उन्हात वाळवावं की सावलीत?

उन्हात. गव्हाला सावलीची गरज नाही, फक्त दाण्याचं तापमान ४३ अंशांच्या वर फार वेळ राहू नये. ताडपत्रीवर दोन-तीन बोटं जाडीचा थर द्या आणि तासातासाने पायाने किंवा दाताळ्याने परता. डांबरी रस्ता, तापलेली सिमेंटची गच्ची, पत्रा यांवर थेट पसरू नये. खालचे दाणे भाजतात. कडक उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन गोळा करून ठेवलेलं चांगलं.

वाळलेला गहू गरम असताना भरू नये. कोठीत गरम दाणे आणि थंड पत्रा एकत्र आले की आत घाम सुटतो आणि वरच्या, कडेच्या थराला बुरशी धरते. घरातल्या जुन्या बायका गहू रात्रभर निववून सकाळी भरायला सांगत, त्याचं कारण हेच.

७. पोतं, कोठी, कणगी की हवाबंद पिशवी? कशात ठेवू?

गोणपाट आणि प्लॅस्टिकचं विणलेलं पोतं, दोन्हींतून हवा खेळते. जिथे पावसाळा सौम्य असतो तिथे एका हंगामापुरतं चालतं. पोतं नवं किंवा नीट साफ केलेलं असावं. खाली लाकडी फळ्या टाकाव्यात, भिंतीपासून हात-दीड हात अंतर सोडावं. फरशीवर थेट ठेवलेल्या पोत्याचा तळ ओल धरतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर वर्षी होतं.

शेणमातीने लिंपलेली कणगी किंवा मातीचं बळद खाण्याच्या धान्यासाठी ठीक. पावसाळ्यात भिंतीच ओलावा धरत असतील तर बियाण्याला नको. पेवात बियाणं मुळीच नको. जमिनीखालची ओल अंकुराला सोसत नाही, आणि पेवात साठणाऱ्या वायूने उतरणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका असतो.

पत्र्याची कोठी चांगली, झाकणाची फट कापडाने किंवा मेणाने बंद केली तर. कोठी काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवा कमी राहते. दिवसभर ऊन लागणाऱ्या भिंतीला टेकवू नये.

हवाबंद पिशवी आम्हाला सगळ्यांत भरवशाची वाटते. जाड, बहुपदरी अस्तर पोत्याच्या आत घालून तोंड पिळून बांधायचं. बाहेरचा दमटपणा आत येत नाही. आतल्या किडी आणि दाणे मिळून ऑक्सिजन संपवतात आणि कीड गुदमरते. पण एक अट कडक पाळावी लागते: बियाणं आधी कोरडं हवं. १४ टक्क्यांचं बियाणं हवाबंद केलं तर अंकुरच गुदमरतो आणि पिशवी उघडताच आंबूस वास येतो. मानकांत बाष्परोधक पॅकिंगसाठी ८ टक्के लिहिलंय ते उगाच नाही. घरच्या पातळीवर ९-१० टक्क्यांवर बंद केलेलं एका हंगामाला पुरतं. पिशवी मध्येच उघडून बघू नये, आणि उंदरांपासून जपावी. एक भोक पडलं की ती साधी पिशवी झाली.

८. घरी उगवण चाचणी कशी करायची?

पेरणीच्या पंधरा-वीस दिवस आधी, ऑक्टोबरमध्ये करा. पोत्याच्या वरच्या थरातले दाणे घेऊन काम भागत नाही; वर, मध्ये, तळाशी आणि प्रत्येक पोत्यातून थोडे थोडे घ्या, मिसळा, आणि त्यातून न निवडता १०० दाणे मोजा. टपोरे दाणे वेचून लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. तसं केलंत तर चाचणी तुमच्या निवडीची होते, बियाण्याची नव्हे.

गोणपाटाचा तुकडा किंवा वर्तमानपत्राचे चार-पाच कागद भिजवून पिळून घ्या. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी लावा, वरून तसाच ओला कागद, सैल गुंडाळी करा आणि तिरकी उभी ठेवा. पाणी शिंपडून ओल राखा. पाणी ठिबकेल इतकं नको. प्रयोगशाळेत ही चाचणी २० अंशांवर ४०० दाण्यांची करतात, चौथ्या दिवशी पहिली आणि आठव्या दिवशी शेवटची मोजणी होते. तुम्हीही आठव्या दिवशी मोजा. ऑक्टोबर हीटमध्ये खोली ३५ अंशांवर जात असेल तर गुंडाळी माठाशेजारी, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. गव्हाला उकाड्यात उगवायला आवडत नाही आणि निकाल उगाच कमी येतो.

मोजताना फक्त मोड आलेले दाणे धरू नका. रोप धडधाकट हवं: खाली निदान दोन-तीन मुळ्या, वर सरळ, न फाटलेला कोंब. मुळी आली पण कोंब नाही, कोंब पिळवटलेला, बुरशीने सडलेला, असे सगळे बाद. इथे सैल हात ठेवला की घरी ९० टक्के आणि शेतात ७० टक्के असा घोळ होतो.

प्रमाणित गव्हाला उगवण किमान ८५ टक्के लागते. खात्री हवी असेल तर पुणे, नागपूर आणि परभणी इथल्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळांत नमुना देता येतो. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा.

९. उगवण ७० टक्के आली. टाकून देऊ?

टाकायची गरज नाही, बियाण्याचं प्रमाण वाढवा. नेहमीचं प्रमाण गुणिले ८५ भागिले तुमची उगवण. एकरी ५० किलो पेरत असाल तर ५० × ८५ ÷ ७० म्हणजे जवळपास ६१ किलो.

६५ च्या खाली गेलं की हा हिशेब कागदावरच राहतो. तितक्या म्हाताऱ्या बियाण्यातले उगवणारे दाणेही दमलेले असतात (पुढचा प्रश्न पाहा). अशा वेळी गहू दळायला द्यावा आणि बियाणं विकत घ्यावं. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उशिरा पेरणी असेल तर ७० टक्क्यांवरही आम्ही धोका पत्करणार नाही. फुटवे फुटायला दिवस कमी असतात, त्यामुळे विरळ उगवलेलं रान भरून निघत नाही.

१०. चाचणीत ८८ टक्के, शेतात मात्र विरळ. चाचणी खोटी का?

चाचणी खरी आहे, पण ती लाडाकोडातली आहे. ओल भरपूर, वर माती नाही, खोलवरून यायचं नाही. शेतात दाण्याला चार-पाच सेंटीमीटर मातीतून वर यावं लागतं, वर पपडी असते, खाली बुरशा. तिथे लागतो तो जोम. साठवणीत आधी जोम ओसरतो, उगवणीचा आकडा नंतर पडतो. म्हणजे आकडा ८८ असतानाच बियाणं थकलेलं असू शकतं.

जोम घरी जोखायचा तर गुंडाळी चौथ्या दिवशीही उघडून बघा. चांगल्या लॉटमध्ये बहुतेक रोपं तोवर सारख्या उंचीची आलेली असतात. निम्मी बोटभर आणि निम्मी नुकती डोकावणारी दिसली तर जोम गेलाय असं समजा. दुसरा मार्ग कुंडीचा: शेतातलीच माती, ५ सेंटीमीटर खोल, १०० दाणे. हा निकाल शेताच्या जास्त जवळ जातो. जोम कमी वाटला तर पेरणी उथळ आणि चांगल्या वाफशावर करा, खोल ढकलू नका.

मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवून दाणे फुटले-तडकले असतील तरी असंच होतं. तडा डोळ्यांना दिसत नाही, साठवणीत मात्र तो दाणा आधी मरतो.

११. बियाण्यात किडे झालेत. पेरलं तर चालेल का?

किडा कोणता त्यावर आहे. सोंड असलेला काळपट-तपकिरी किडा, ज्याला सोंड्या किंवा पोरकिडा म्हणतात, तो दाण्याच्या आत अंडं घालतो आणि आतूनच दाणा पोखरत बाहेर येतो. भोक पडलेल्या दाण्यांतले काही उगवतात, पण पोटात पीठच उरलेलं नसल्याने रोप अशक्त निघतं. मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे दाणे काढून टाका, बुडालेले लगेच धुऊन वाळवा, आणि मग उगवण तपासा.

खपरा भुंगेऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची केसाळ, तपकिरी अळी दाण्याचा अंकुरच आधी खाते. दाणा वरून जवळपास शाबूत, वजनात घट किरकोळ, आणि उगवण शून्याकडे. पोत्याच्या शिवणींत, वरच्या थरात अळ्यांनी टाकलेल्या केसाळ काती भुशासारख्या साचलेल्या दिसल्या की खपरा आहे असं धरा.

ओलावा कमी ठेवला की कीड होत नाही असं सरसकट सांगितलं जातं. सोंड्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. ९-१० टक्क्यांखाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. खपरा मात्र उष्ण, कोरड्या हवेतलाच प्राणी आहे, आणि त्याच्या अळ्या भिंतीच्या भेगांत, जुन्या गोणपाटात उपाशी अवस्थेत वर्षानुवर्षं दबा धरून राहतात. म्हणून मराठवाडा-विदर्भात कोरडेपणावर विसंबू नका. जुनी पोती वापरूच नका, खोलीच्या भेगा बुजवा, आणि हवाबंद पिशवीकडे वळा.

१२. कडुलिंब, राख, एरंडेल, बोरिक पावडर, पाऱ्याच्या गोळ्या: यातलं काय चालतं?

कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून घाला. ओला पाला घालणं म्हणजे बियाण्यात आपल्या हाताने ओलावा सोडणं. किडीला तो काहीसा परतवतो. आत शिरलेली कीड मारत नाही. चाळलेली कोरडी राख थोड्या बियाण्याला खरंच उपयोगी आहे; ती किड्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण खरवडते आणि त्याला सुकवते. एरंडेलाचा हात स्वयंपाकाच्या गव्हाला ठीक, बियाण्याला गरज नाही.

बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या टिकड्या घरात नकोत. बोरिक खाण्याचा पदार्थ नाही. पारा माणसाला विषारी आहेच, त्याची वाफ कोवळ्या रोपांनाही बाधते.

१३. धान्यात घालायच्या विषारी गोळ्या घरीच वापरू का?

नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची ३ ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याने १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. त्यावर उतारा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं दगावतात. भारतात ही गोळी सर्वसामान्यांना विकायला बंदी आहे, ती फक्त शासकीय यंत्रणा आणि परवानाधारक धुरीकरण करणाऱ्यांसाठी आहे. गोदाम मोठं असेल तर त्यांच्याकडूनच धुरी द्या. कोरड्या बियाण्याच्या उगवणीवर या धुरीचा फारसा परिणाम होत नाही.

१४. दुकानदाराने मागच्या हंगामाची पिशवी दिली. टॅगवर काय बघू?

चाचणीची तारीख. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीपासून ९ महिने असते. नंतर पुन्हा तपासून मानकात बसलं तर दर वेळी ६ महिन्यांची मुदतवाढ मिळते. म्हणजे मागच्या हंगामाचं बियाणं विकणं गैर नाही, पण पुनर्चाचणीची नोंद पिशवीवर हवी. ती नसेल तर घेऊ नका. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, पायाभूतचा पांढरा, पैदासकाराचा पिवळा आणि सत्यप्रत बियाण्याचं लेबल हिरवं. सत्यप्रत म्हणजे उगवणीची हमी उत्पादकाची, प्रमाणीकरण यंत्रणेची नव्हे.

१५. एप्रिलमध्येच बीजप्रक्रिया करून ठेवली तर?

थायरमसारखं कोरडं बुरशीनाशक लावून ठेवता येतं, पण मग त्या पोत्याचा परतीचा रस्ता बंद. उरलेलं दळता येत नाही, जनावरांनाही घालता येत नाही. कुणी चुकून दळेल म्हणून रंग लावून, ठळक अक्षरांत लिहून वेगळं ठेवावं लागतं. घरच्या बियाण्याला पेरणीआधीच प्रक्रिया करणं सोयीचं. अ‍ॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी २५० ग्रॅम १० किलो बियाण्याला, हे तर पेरणीच्या दिवशीच लावायचे. पोत्यात महिनोन्महिने ते जगत नाहीत.

१६. काढणीच्या वेळी अवकाळी पावसात गहू भिजला. बियाणं ठेवू का?

शक्यतो नको. ओंबीत भिजलेल्या दाण्याच्या आत उगवणीची तयारी सुरू होते. मोड बाहेर आला असेल तर तो दाणा वाळवल्यावर मरतो. मोड दिसत नसला तरी आत सुरुवात झालेलं बियाणं वाळवून आज उगवेल, पण साठवणीत लवकर खचतं. म्हणजे मे महिन्यातल्या चाचणीवर विसंबून नोव्हेंबरचं नियोजन करू नका. दुसरा पर्यायच नसेल तर न भिजलेला तुकडा वेगळा मळा, कडक वाळवा, आणि मे, ऑगस्ट, ऑक्टोबर अशी तीनदा उगवण बघा. भिजलेल्या गव्हाची कणीक चिकट होते तीही याच कारणाने.

१७. मागच्या वर्षी ओंब्या काळ्या पडल्या होत्या. बियाणं दोन वर्षं ठेवलं तर रोग जाईल का?

काजळीबद्दल विचारत असाल तर त्या आशेवर राहू नका. बुरशी दाण्याच्या अंकुरातच झोपलेली असते, दाणा वरून निरोगी दिसतो, आणि बियाणं जितकं चांगलं जपाल तितकी तीही जपली जाते. त्या शेतातलं बियाणं धरूच नये. धरावंच लागलं तर कार्बोक्झिन किंवा टेब्युकोनॅझोलसारखं आंतरप्रवाही बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेत लावा. वरवरचं औषध आत पोचत नाही.

१८. ताजा गहू एप्रिलमध्ये लावून पाहिला, निम्माच उगवला. बियाणं खराब?

बहुधा सुप्तावस्था. काही वाणांत मळणीनंतर काही आठवडे दाणा जिवंत असूनही उगवायला तयार नसतो, आणि उन्हाळ्यातल्या गरम खोलीत ती जास्त जाणवते. ओली गुंडाळी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पाच-सहा दिवस ठेवा, मग बाहेर काढून चाचणी करा. तेवढ्याने उगवण वर आली तर काळजी नाही.

१९. खपली गव्हाला हेच नियम?

ओलाव्याचे नियम तेच. फरक असा की खपली मळल्यावरही दाणा टरफलातच राहतो, आणि बियाणं टरफलासकटच साठवायचं आणि पेरायचं. त्या आवरणामुळे किडीपासून बऱ्यापैकी बचाव होतो. भरडून सडलेली खपली बियाण्याला चालत नाही, कारण त्यात अंकुराला मार बसतो. जागा जास्त लागते, तेवढी तयारी ठेवा.

२०. देशी वाणाचं किलोभर बी आहे, फ्रीजमध्ये ठेवू?

ठेवा, पण आधी कडक वाळवून आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. फ्रीजमधली हवा दमट असते. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर थंड दाण्यांवर पाणी धरतं. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत बियाणं याच तत्त्वावर, फार कमी ओलाव्यावर, उणे १८ अंशांत ठेवतात.

२१. पिरॅमिडमधला हजारो वर्षांपूर्वीचा गहू उगवला म्हणतात, ते खरं का?

नाही. थडग्यांत सापडलेले दाणे काळे पडलेले, पूर्ण मेलेले असतात. उगवला तो गहू अलीकडचा मिसळलेला होता.

२२. घरचं बियाणं ठेवणं, शेजाऱ्याला देणं कायद्याने चालतं का?

चालतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने संरक्षित वाणाचंही बियाणं राखणं, पेरणं, देवाणघेवाण करणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे. बंदी आहे ती ब्रँडचं लेबल लावून विकण्याला. गहू स्वपरागी असल्याने घरचं बियाणं वाणाला धरून राहतं. वाण लोक-१, त्र्यंबक किंवा फुले समाधान, कोणताही असला तरी भेसळ आणि रोग वाढत जातात, म्हणून तीन-चार वर्षांनी प्रमाणित बियाणं नव्याने आणावं.

२३. विकतचं बियाणं उगवलंच नाही. आता?

पावती, टॅग, रिकामी पिशवी आणि उरलेलं मूठभर बियाणं जपून ठेवा. हे नसलं तर तक्रार उभीच राहत नाही. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लगेच लेखी अर्ज द्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते, त्यामुळे ती येईपर्यंत रान मोडू नका. अहवालाची प्रत मागून घ्या; पुढे ग्राहक आयोगात जायचं झालं तर तोच कागद लागतो. पेरणीआधी पिशवीतले शंभर दाणे प्रश्न ८ प्रमाणे लावून पाहिले असतील आणि त्याचा तारखेसह फोटो असेल, तर तोही अर्जाला जोडा.